गुरुवारचे डोंगर

पुणेकरांची सहल रविवारी निघते, पिंपरी-चिंचवडकरांची गुरुवारी. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळ्या वारी सुट्टी देण्याची पद्धत पडली आणि इथल्या अनेक कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. पोरांची शाळा चालू, नात्यातली लग्नं रविवारी आणि घरचा कमावता माणूस मोकळा गुरुवारी, अशी ही ओढाताण घरोघरी ठाऊक आहे. तिचा एकच फायदा, तो म्हणजे त्या दिवशी डोंगर रिकामे असतात.

आणि डोंगर लांब नाहीत. पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्या लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून पूर्वेला वाहत येतात. त्यांच्या खोऱ्यांमध्ये लोहगड-विसापूरची रांग उभी आहे. ती उतरत उतरत देहूरोडच्या पुढे शहराला येऊन भिडते. इंद्रायणीच्या उत्तरेला भंडारा आणि भामचंद्र हे दोन डोंगर चाकणच्या कारखान्यांकडे पाहत उभे आहेत. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, पुढे एमआयडीसी आली, 1982 मध्ये महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाखांच्या वर गेली. एवढं सगळं होऊनही हे डोंगर उभे राहिले. ते राखायला कुठलं उद्यान खातं आलं नव्हतं. ते देवाचे होते आणि लोक त्यांच्यावर पायी जात होते, म्हणून ते राहिले. या लेखात त्यातल्याच काही वाटा सांगायच्या आहेत.

घोराडेश्वर : पहिली पाळी सुटल्यावर

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागून शेलारवाडीचा हा डोंगर आहे. लोकलने यायचं तर बेगडेवाडी स्टेशन जवळ. पायऱ्यांची वाट आहे, रमतगमत गेलं तरी अर्ध्या-पाऊण तासात माणूस लेण्यांपाशी पोचतो. पहिली पाळी करून आलेल्यालाही दिवस मावळायच्या आत वर जाऊन खाली येता येतं. दम किती टिकतो हे पाहण्यासाठी नवख्या ट्रेकरने इथूनच सुरुवात करावी.

वर कातळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत आणि मुख्य लेण्यात आता महादेवाची पिंड आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. बहुतेक भाविक दर्शन घेऊन परततात. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. धेनुकाकट गावात राहणाऱ्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने हे लेणं दान दिलं, असं त्या लेखात कोरलं आहे. हेच धेनुकाकट कार्ल्याच्या लेण्यातल्या दात्यांच्या लेखांत पुन्हा पुन्हा भेटतं. राजे आणि व्यापारी यांच्या दानाच्या कथा आपण ऐकतो. इथे मात्र शेतावरच्या घरातली एक बाई सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरायला पैसे देते आहे. खाली महामार्गावर कंटेनरची रांग चाललेली असताना ती अक्षरं पाहणं हा या डोंगरावरचा खरा कार्यक्रम आहे. हात मात्र लावू नये आणि शेजारी स्वतःचं नाव तर मुळीच कोरू नये.

भाद्रपद-आश्विनात मावळातल्या अशा डोंगरउतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पसरतो. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. वणवा बहुतेक वेळा माणसानेच लावलेला असतो, कधी मुद्दाम, कधी फेकलेल्या विडीने. त्यात जमिनीवर घरटं करणारे पक्षी आणि पावसाळ्यात जीव धरलेली रोपं आधी जातात. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिरवाई दिसावी म्हणून लावलेली उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, झपाट्याने वाढते खरी, पण तिच्या दाटीखाली गवतही नीट उगवत नाही. हिरवी दिसणारी प्रत्येक टेकडी जिवंत असतेच असं नाही, हे चालताना खाली बघितलं की कळतं.

भंडारा आणि भामचंद्र : तुकोबांचे डोंगर

तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीच्या जवळ भंडारा डोंगर आहे. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, तरी पायवाटेने चढण्यात मजा आहे. तुकाराम महाराज देहूहून इथे येऊन एकांतात बसत. त्यांची बायको आवली त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि तिच्या पायात रुतलेला काटा विठ्ठलाने काढला, ही गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. उन्हाळ्यात अनवाणी दहा पावलं टाकून पाहावीत, म्हणजे आवलीच्या रागामागचं कारण समजतं. वर प्राचीन लेणी आणि तुकोबांचं मंदिर आहे. माघ शुद्ध दशमी हा तुकोबांना गुरूपदेश झाला तो दिवस. तेव्हा इथे मोठा सोहळा भरतो. एरवी गुरुवारी सकाळी वाऱ्याचा आवाज आणि टाळांची थोडी किणकिण, एवढंच.

भामचंद्र चाकणच्या जवळ, वासुली-शिंदे गावांच्या शिवारात आहे. तुकोबांच्या अभंगांत ज्या भामगिरीचा उल्लेख येतो ती हीच. साक्षात्काराची जागा म्हणून वारकरी तिला मानतात. उभ्या कड्याच्या पोटात गुहा आहेत आणि त्यांत आजही काही साधक मुक्काम करून गाथा-ज्ञानेश्वरीचा अभ्यास करतात. वाट काही ठिकाणी अरुंद आहे. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर पायथ्याच्या मंदिरापर्यंतच जावं. गुहेसमोर उभं राहिलं की खाली एमआयडीसीच्या निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या शेड दिसतात. या दोन जगांमधलं अंतर दुपारच्या सुट्टीत चालून जाण्याइतकं आहे.

हे अंतर आपोआप टिकलेलं नाही. 2008 च्या सुमारास याच परिसरात डाऊ केमिकल कंपनीचं संशोधन केंद्र येणार होतं. गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले, आंदोलन पेटलं आणि अखेर तो प्रकल्प मागे घेतला गेला. निसर्गरक्षणाची चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शहरी तरुण येतात. इथे ती टाळ-मृदंग घेऊन आली होती.

चाकणचा भुईकोट

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना एकदा चाकणचा संग्रामदुर्ग दाखवावा. डोंगर चढायचा नाही, त्यामुळे आजी-आजोबांनाही जमतं. 1660 च्या पावसाळ्यात शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेने या छोट्या भुईकोटाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने मूठभर माणसांनिशी जवळपास दोन महिने किल्ला लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हाच किल्ला पडला. आज तटाचे काही भाग आणि खंदक उरला आहे. चाकणचा कांदाबाजार आणि ट्रकांची वर्दळ यांच्यामध्ये हा खंदक शोधावा लागतो. जमिनीवरचा किल्ला लढवायचा म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावर मुलांना चटकन उमगतं.

लोकलचा ट्रेक

पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली आणि मावळातले किल्ले कामगारांच्या खिशाला परवडू लागले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी किंवा देहूरोडला सकाळची लोकल पकडायची आणि मळवलीला उतरायचं. तिथून चालत भाजे गाव. आधी लेणी पाहावीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेल्या या कोरीवकामात चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या आजही आहेत. एका शिल्पात एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे.

भाज्यावरून गायमुख खिंडीत आलं की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे आहेत. पायऱ्या चांगल्या आहेत. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हा होता, 1670 मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. माथ्यावर नाना फडणवीसांच्या काळातलं सोळाकोनी तळं आहे आणि पश्चिमेला विंचूकाट्याची लांब सोंड. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठा लष्करी वारशाच्या 12 किल्ल्यांत लोहगड आला. तेव्हापासून त्याच्या कौतुकात भर पडली आहे, गर्दी आधीच होती. पावसाळ्यातल्या रविवारी दरवाज्यात अक्षरशः रांग लागते. गुरुवारची सुट्टी इथे सोन्याच्या मोलाची आहे.

विसापूर विस्ताराने मोठा आणि वाटेने अवघड. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, तिथून चढायचा मोह अनेकांना होतो. वाट माहीत असलेला माणूस बरोबर नसेल तर तो टाळावा. खाऊ बरोबर न्या, पण भाकरी-पिठलं लोहगडवाडीतल्या घरीच खा. किल्ल्याच्या गावाला त्याच्या किल्ल्यातून चार पैसे मिळाले तर ते गाव किल्ला सांभाळतं.

पाण्याशी जपून

शेलारवाडीजवळ इंद्रायणीच्या पात्रात कुंडमळा आहे. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ घासला जाऊन तिथे रांजणखळगे तयार झाले आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते नीट पाहता येतात. पावसाळ्यात हेच खळगे पाण्याखाली दडतात आणि पाय गेला की वर येणं कठीण. 15 जून 2025 च्या रविवारी इथला जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्याआधी 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. मावळातला पाऊस डोंगरावर पडतो आणि त्याचं पाणी खाली ऊन असतानाही अचानक येतं. पाणी लांबून पाहावं आणि बंदीचा फलक आपल्यासाठीच लावला आहे असं समजावं.

शहराच्या आत

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी निगडीची दुर्गा टेकडी आहे. पहाटे तिथे चालणाऱ्यांत नाईट करून थेट आलेले लोकही दिसतात. कारखान्यांच्या कुंपणाआडही थोडं रान आहे. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी पिंपरीच्या उजाड माळावर कारखान्याबरोबर झाडं लावली आणि तळं केलं. त्या तळ्यावर पुढे स्थलांतरित पक्षी उतरू लागले. नफ्या-तोट्याच्या हिशेबात झाड बसवता येतं, हे त्यांनी साठच्या दशकात करून दाखवलं.

चाकणला कौतुकाने डेट्रॉईट म्हणतात. अमेरिकेतल्या त्या मूळ मोटारनगरीने आणखीही एक गोष्ट केली. 1940 मध्ये तिथल्या पाच परगण्यांतल्या मतदारांनी कौल दिला आणि ह्युरॉन व क्लिंटन या दोन नद्यांच्या काठाने उद्यानांची साखळी उभारायला मालमत्ता करातून पैसा दिला. आज तिथे अशी 13 मोठी उद्यानं आहेत आणि कारखान्यातला माणूस सुट्टीला तिथे जातो. आपल्याकडेही पवना आणि इंद्रायणी आहेत. डोंगर तर फुकट मिळाले आहेत. नाहीत त्या साध्या गोष्टी: गुरुवारी स्टेशनापासून पायथ्यापर्यंत जाणारी बस, वाटेवर खुणेचे दगड, वणव्याआधी काढलेल्या जाळरेषा आणि एका डोंगरावरून दुसऱ्यावर पायी जाता येईल अशी, प्लॉटिंगवाल्यांनी न अडवलेली वाट. मत मागायला दारात येणाऱ्याकडे आपण नळ आणि रस्ता मागतो. यापुढे त्या यादीत डोंगरही लिहावा आणि काम झालं की नाही ते गुरुवारी स्वतः वर चढून पाहावं.