आडवे कोकण, उभी गाडी

कोकण रेल्वेने आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील; पण बहुधा रात्रीच्या गाडीने. मुंबईत वरच्या बाकावर पथारी पसरायची आणि पहाटे राजापूर रोडला डोळे चोळीत उतरायचे, अशी आमच्याही घरची रीत. त्यामुळे दहा-बारा खेपा करूनही मी कोकण पाहिले होते, असे म्हणवत नाही. गेल्या मे महिन्यात आरक्षण मिळाले नाही, म्हणून नाइलाजाने दिव्याहून सकाळी सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीत शिरलो. ही गाडी जवळजवळ प्रत्येक स्टेशनावर थांबते. त्या दिवशी माझी पहिली निराशा झाली ती अशी, की दिवसभर खिडकीशी बसूनही समुद्र काही दिसला नाही.

याला कारण आहे. कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला धावतात आणि समुद्राजवळ त्यांच्या रुंद खाड्या होतात. किनाऱ्याने रूळ टाकायचे तर प्रत्येक खाडीवर लांबलचक पूल हवा. म्हणून मार्ग आतून, डोंगर आणि समुद्र यांच्या मधून नेला. एस.टी. कशेडीचा घाट वळणे घेत चढते, तसे आगगाडीला जमत नाही. या मार्गाचा चढ साधारणपणे 150 मीटरला एक मीटर एवढाच ठेवलेला आहे. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. सुमारे 740 किलोमीटरच्या या मार्गावर 91 बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल आहेत. उक्षी आणि भोके यांमधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि रत्नागिरीच्या पुढचा पानवलचा पूल दरीच्या तळापासून 64 मीटर उंच आहे. 1990 साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते, आणि 26 जानेवारी 1998 रोजी मार्ग सलग सुरू झाला. ही माहिती सर्वांना असते. पण या रचनेमुळे प्रवाशाला काय दिसते, हे मात्र कोणी सांगत नाही.

दिसते ते असे, की आपण कोकणाला सारखे छेदून जात असतो. जुने कोकण आडवे होते. घाटावरून माल बैलांच्या पाठीवर उतरायचा, खाडीच्या टोकाशी असलेल्या पेठेत यायचा आणि तिथून गलबतात चढून बंदराकडे जायचा. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड. आमच्या राजापुराला इंग्रजांनी सतराव्या शतकात वखार घातली आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, ती वखार तिथे होती याचे कारणही हेच. वर अणस्कुऱ्याचा घाट आणि खाली जैतापूरची खाडी. माझी आजी लग्न होऊन मुंबईला गेली तीही याच आडव्या वाटेने. आधी खाडीतून होडी, मग बंदरावरून आगबोट. ती गाडीने फारशी गेली नाही. म्हणायची, "गाडीत बसून माणसाला कळत नाही कुठे आलो ते." तेव्हा मी हसत असे.

आता गाडी उभी चालते, उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्यामुळे जुन्या पेठा तिच्या वाटेत येतीलच असे नाही. वेळापत्रकात गोरेगाव रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड अशी नावे दिसतात. रेल्वेच्या भाषेत 'रोड' याचा अर्थ एवढाच, की गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथून आहे. राजापूर रोडला पहाटे उतरलेल्या माणसाला हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. रिक्षावाला भाडे सांगतो तेव्हा कळतोच. पण या शब्दात एक सूचनाही आहे. कोकण पाहायचे तर स्टेशनावर उतरून डावीकडे डोंगराला किंवा उजवीकडे खाडीला लागले पाहिजे. संगमेश्वरला उतरून कसब्याचे कर्णेश्वराचे दगडी देऊळ आणि 1689 साली संभाजी महाराज पकडले गेले ते ठिकाण पाहावे. रत्नागिरीला ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा आहे. 1885 मध्ये पदच्युत केलेला हा राजा 1916 मध्ये तिथेच वारला. चिपळूणला मे महिन्यातही वाशिष्ठीला पाणी दिसते, याचे कारण कोयनेचे वीज करून सोडलेले पाणी तिच्यात येते.

रोह्यापासून वीरपर्यंत दुहेरी रूळ झाले आहेत. पुढे बहुतेक मार्ग अजून एकेरी. साहजिकच एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी आमच्या गाडीला ठिकठिकाणी बाजूच्या रुळावर थांबवतात. याला 'क्रॉसिंग' म्हणतात आणि प्रवासी त्यावर मनसोक्त चरफडतात. मीही चरफडलो. पण डबा खरा जागा होतो तो तेव्हाच. पानाच्या द्रोणात करवंदे येतात, ओले काजूगर येतात, फणसाच्या गऱ्यांचा वास डबाभर होतो. एका थांब्यावर एका बाईंच्या टोपलीत लालभडक फळे पाहून मी जाणतेपणाने "रातांबे का?" म्हणून विचारले. "आमच्याकडे तेंका भिरंडां म्हणतत," त्या म्हणाल्या. म्हणजे रत्नागिरी मागे पडून आम्ही मालवणीच्या मुलखात आलो होतो. स्टेशनावरची पाटी वाचायची गरज राहिली नाही.

या फळाचे काहीच वाया जात नाही. साल वेगळी करून वाळवतात, आतल्या गराच्या रसात मीठ घालून त्यात ती पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, तेव्हा काळे, मऊ आमसूल होते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. तो नारळाच्या दुधात पडला की सोलकढी. बियांचे कोकमतेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या बाईंना याची खबर नसावी. दहा रुपयांवर त्यांनी मूठभर भिरंडे फुकट घातली.

हे सगळे पिकते त्याचे मूळ जांभ्या दगडात आहे. काळा कातळ ऊन-पावसाने कुजला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तो जांभा. सड्यावर त्याची टणक पाठ असते. पावसाचे पाणी तिच्या भोकांतून खाली झिरपते आणि उताराशी झरे होऊन बाहेर येते. म्हणून वाड्या, भातशेती आणि माडपोफळी खाली, उतारावर काजू आणि रातांबा, आणि वर कातळात खड्डे खणून हापूस. याच जांभ्याखाली मऊ माती असते, आणि डोंगर कापला की पावसात ती सरकते. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, 16 जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तेव्हापासून कापलेले उतार रुंद करणे, जाळ्या लावणे, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणे आणि गाड्यांचा वेग कमी ठेवणे सुरू आहे. श्रावणात गाडी उशिरा आली म्हणून कुरकुरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

त्या दिवशी खिडकीतून सडे पाहून मी शेजाऱ्याला म्हटले होते, "इथे काहीच नाही." सातबाराही असल्या जमिनीला पोटखराब म्हणतो. पुढे मला कळले, की सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरीच्या याच सड्यांवरून पायी हिंडून हजारो वर्षांपूर्वी कोरलेली शेकडो चित्रे शोधली आहेत. अशा चित्रांची महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ ठिकाणे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू त्यांपैकी एक. 2023 मध्ये तिथल्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी आडवे झाले. तोपर्यंत राजापूर तालुक्यातला असूनही बारसूचा सडा मी कधी चढलो नव्हतो. याची लाज वाटते.

म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा तीच गाडी धरली आणि या खेपेस करबुड्याच्या अलीकडे उक्षीला उतरलो. सड्यावर तेरडा फुलला होता, पायांखाली पाणी चुळचुळत होते. कठड्याशी उभे राहून खाली पाहिले, तर कातळावर हत्ती. खऱ्या हत्तीएवढा तरी असेल. रत्नागिरीच्या रानात आज हत्ती नाही. कोरणाऱ्याने मात्र तो पाहिलेला असणार, नाहीतर सोंड अशी वळली नसती. सोबत आलेले गावातले आजोबा म्हणाले, लहानपणी याच्या पाठीवरून आम्ही गुरे नेत असू, पण हा हत्ती आहे हे कोणाला ठाऊक? रेघांत पावसाचे पाणी भरले होते. पाऊस पुन्हा सुरू झाला आणि हत्ती हळूहळू दिसेनासा झाला. आजोबांनी इरले पुढे ओढले आणि गाडी किती वाजता म्हणून विचारले. मी म्हटले, क्रॉसिंग असेल, येईल सावकाश.