झेपेल तेवढंच

"आजोबा, पडद्यावर रांगोळी उमटलीय," नात लालबागहून फोनवर म्हणाली. दिवाळी नुकतीच सरली होती, त्यामुळे मला आधी कौतुकच वाटलं. "तसली रांगोळी नाही हो! आडव्यातिडव्या रंगीत रेघा आल्यात. माझं काम दिसतच नाही."

ही माझ्या भाचीची मुलगी. जाहिरातकला शिकते. दहा दिवसांनी काम सादर करायचं होतं आणि कॉम्प्युटर २०१३ सालचा, वडिलांच्या ऑफिसने मोडीत काढलेला. ग्राफिक्स कार्ड गेलं, असं दुरुस्तीवाल्याने निदान केलं. पुष्कळ कॉम्प्युटरांत प्रोसेसरलाच चित्र दाखवायची सोय असते, मग कार्ड काढलं तरी काम भागतं. हिच्या प्रोसेसरला ती सोय नव्हती. नवा कॉम्प्युटर घेणं घरच्यांना शक्य नव्हतं. मी म्हटलं, पाच हजारांपर्यंत माझे.

पडद्यावर दिसण्यासाठी वेगळं कार्ड लागतं, हे मला नवं नव्हतं. डॉसच्या जमान्यात देवनागरीसाठीही कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं ते 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. त्या काळ्या पडद्यावर पहिल्यांदा मराठी अक्षरं पाहिली, तेव्हा माझ्यातला बँकेचा अधिकारी आणि कादंबरीकार दोघेही एकाच वेळी हरखले होते.

कॅबिनेट टॅक्सीत घालून आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला. मुंबईच्या १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नराचं हे नाव. पाटीवर कधीचं 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असं आहे, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनंच नाव सांगावं लागतं. आम्हा गिरगावकरांचा हा शेजार. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षं हलला नाही. आता बोळाबोळांत वायरी, चिप्स आणि पंखे लटकलेले असतात.

दुकानातल्या पोराने एक भलंमोठं कार्ड काढलं. दोन पंखे, विटेएवढं वजन. "काका, वापरलेलं आहे, पण पाच हजारांत याच्यासारखं मिळणार नाही." ते स्वस्त का, तेही त्याने सांगून टाकलं. इथेरियम नावाच्या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलली. ते चलन कमावण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डं मग बाजारात आली. हे त्यातलंच असावं. नातीचे डोळे चमकले. माझाही हात खिशाकडे गेला. आजोबांनी दिलं तर असं द्यावं!

आणि मला परळची शाखा आठवली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाने गिरण्यांची धुराडी थंडावली होती. तीन-चार वर्षांनी एक गिरणी कामगार माझ्यासमोर येऊन बसला. त्याला एका शिलाई मशीनपुरतं कर्ज हवं होतं. मार्च जवळ आलेला, माझं उद्दिष्ट अपुरं. मी त्याला तीन मशिनांचं कर्ज मंजूर केलं. वर "धंदा वाढवा की," असा सल्लाही दिला. दहा बाय दहाच्या खोलीत तीन मशिनं मावेनात, शिवायला माणसं नाहीत, तेवढं कामही नाही. वर्षभरात त्याने तिन्ही मशिनं विकली. त्याचं ते पहिलं मशीनसुद्धा माझ्या उदारपणापायी गेलं. तो मला कधी वाकडं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी पोराला म्हटलं, "कार्डाचं राहू दे. आधी आमचं कॅबिनेट उघड." आतल्या पॉवर सप्लायवर ३०० वॉट लिहिलेलं. तोही दहा-बारा वर्षं झिजलेला. विटेएवढ्या कार्डाला दीडशे वॉट हवे होते, शिवाय वेगळी वायर, जी आमच्याकडे नव्हतीच. कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच फार तर ७५ वॉट देते. म्हणजे कर्ज द्यायचं ते त्याच्या आतच.

तसं एक होतं, एनव्हिडियाचं जीटी १०३०. अवघं ३० वॉटचं, वेगळी वायर नको. पण इथेही पारखून घ्यावं लागतं. हे कार्ड २०१७चं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरं निघालं. पहिल्याची मेमरी जीडीडीआर ५, सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती हलवणारी. दुसऱ्याची डीडीआर ४, सतराच्याही आत. डब्यावर दोन्हींवर '२ जीबी'च. नाव एक, रक्कम एक, पण पत निराळी! बँकेत मी असे अर्जदार पुष्कळ पाहिले.

आणखी दोन गोष्टी. नातीचा मॉनिटर जुन्या व्हीजीए वायरचा आणि कार्डाला ती खाच नाही, म्हणून कन्व्हर्टर घेतला. दुसरी गोष्ट मुदतीची. या पिढीच्या कार्डांना सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंतच देऊ, असं कंपनीने २०२५ साली जाहीर केलं आहे. नातीचं शिक्षण त्याआधी पुरं होतं. मुदत ठेवीचा हिशेब जुळला.

पैसे मात्र मी लगेच दिले नाहीत. जुन्या मदरबोर्डाला नवं कार्ड कधीकधी मानवत नाही, म्हणून तिथेच जोडायला लावलं. पडदा काळा राहिला. दहा सेकंदं आम्ही तिघं गप्प. मग तिचं अर्धवट पोस्टर उमटलं. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, रंग जिथल्या तिथे. कार्ड आणि कन्व्हर्टर मिळून साडेतीन हजार झाले. वापरलेला माल असल्याने पावतीवर पंधरा दिवसांची हमी लिहून घेतली.

परतताना गिरगावात पियूष प्यायलो. नात म्हणाली, "आजोबा, हे पैसे मी परत करणार हं. हप्ता किती ठेवायचा?"

मी म्हटलं, "ते तू सांग. यावेळी मी नाही सांगणार."