ओटाहुहुत खासगी गुप्तहेर नेमताना

ऑकलंडच्या दक्षिणेकडील ओटाहुहुत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला विवाहपूर्व चौकशीसाठी किंवा बुडालेल्या उधारीचा माग काढण्यासाठी खासगी गुप्तहेर हवा असेल, तर जाहिरातीपेक्षा परवाना आधी पाहावा. कारण भारतात या व्यवसायाच्या नियमनासाठी 2007 साली राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा होऊ शकला नाही, तर न्यूझीलंडमध्ये 2010 च्या कायद्यान्वये परवाना सक्तीचा आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला वा संस्थेला ‘लायसन्स’ आणि तिच्या कर्मचाऱ्याला ‘सर्टिफिकेट’, म्हणजे वैयक्तिक मान्यतापत्र, लागते. परवाना प्राधिकरणाची नोंदवही कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.

त्याहून महत्त्वाची बाब पद्धतीची आहे. संभाषणात सहभागी नसताना ते यंत्राद्वारे चोरून ऐकणे हा 1961 च्या गुन्हे कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा असल्याने, ‘फोनवरचे बोलणे मिळवून देतो’ असे आश्वासन देणारा माणूस तत्काळ नाकारावा, कारण त्यात ग्राहकही अडकू शकतो. वैयक्तिक माहिती गोळा करण्याची व जपण्याची तत्त्वे सांगणारा 2020 चा गोपनीयता कायदाही गुप्तहेराला लागू होतो.

कामाची व्याप्ती, तासाचा दर आणि खर्चाची कमाल मर्यादा लेखी ठरल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नये.