दातांची कीड

दात किडला म्हणजे एखाद्या किड्याने तो आतून पोखरला, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. असा किडा शास्त्रज्ञांना कधीच आढळला नाही. आढळले ते साध्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजंतू.

बर्लिन येथे संशोधन करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. काढलेला दात पाव व लाळ यांच्या मिश्रणात ठेवला असता त्यातील चुना विरघळे. लाळ उकळून घेतली असता मात्र तसे होत नसे. उकळल्याने लाळेतील जंतू मरत. हेच जंतू पिष्टमय पदार्थ व साखर यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच झिजवते, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

तथापि जिवंत प्राण्यावरील पुरावा मिळण्यास १९५४ साल उजाडावे लागले. ऑरलँड व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत पूर्णतः जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखरेचा आहार दिला. त्यांपैकी एकाचाही दात किडला नाही. तोच आहार घेणाऱ्या सामान्य उंदरांचे दात मात्र किडले. पुढे १९६० साली पॉल कीज यांनी, निरोगी दातांचे हॅमस्टर किडक्या दातांच्या हॅमस्टरांसह एका पिंजऱ्यात ठेवले असता त्यांनाही कीड लागते, हे सिद्ध केले.

या कामी अग्रभागी असलेला जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी १९२४ सालीच किडलेल्या दातांतून तो वेगळा केला होता. साखरेपासून तो चिकट द्रव्य बनवितो व त्याच्या आधाराने दातास घट्ट बिलगून राहतो. लहान मुलाच्या तोंडात तो बहुधा घरातील मोठ्यांच्या, विशेषतः आईच्या लाळेतून येतो. बाळाचा चमचा आपल्या तोंडात घालण्याची सवय म्हणूनच टाळावी.

गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच दातांवरील थरात आम्लता वाढते. ती ओसरण्यास अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या अवधीत लाळ आम्लाचा प्रभाव कमी करते आणि झिजलेल्या कवचास क्षार परत पुरविते. परंतु घटकेघटकेला गोळ्या व गोड चहा चालू राहिला, तर लाळेला ही डागडुजी करण्यास सवडच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली, याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, यालाही महत्त्व आहे. गोड पदार्थ जेवणाबरोबरच घ्यावा आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. जंतूंना तोंडातून कायमचे हद्दपार करता येत नाही. त्यांची रसद तोडणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.