शाळेतील लॅपटॉप : बॅटरी, घड्याळ व पडदा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडते, कपाटातील लॅपटॉप बाहेर काढला जातो आणि तो सुरूच होत नाही, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांस नवा नाही. मग ‘यंत्र नादुरुस्त’ एवढे दोन शब्द लिहून ते तालुक्याच्या गावी धाडण्यात येते. त्यात आठवडे जातात, खर्च पुष्कळदा शिक्षकाच्याच खिशातून होतो आणि मुले तोवर पाठांना मुकतात. वास्तविक यांतील बरेच दोष शाळेतच ओळखता येण्यासारखे असतात.

लिथियम-आयन बॅटरी वापर नसतानाही हळूहळू उतरत असते. रिकामी होऊन ती दीड-दोन महिने पडून राहिली, तर तिचा दाब इतका घसरू शकतो, की तिच्यातील संरक्षक योजना वीज घेण्यासच नकार देते. यास्तव सुटीपूर्वी ती सुमारे निम्मी भरून, यंत्र पूर्ण बंद करून थंड जागी ठेवावे. तापणाऱ्या पत्र्याखाली नव्हे. काठोकाठ भरून ठेवणेही हितकर नाही. यंत्र सुरू न झाल्यास प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून वीज आहे काय, ते पाहावे. नंतर चार्जर काढून, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी व चार्जर पुन्हा जोडावा. एवढ्याने कित्येक यंत्रे जागी होतात.

घड्याळाचा दोष अधिक फसवा. यंत्र बंद असताना ते बहुधा नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर चालते; सीआर २०३२ हा त्याचा नेहमीचा प्रकार. (काही यंत्रांत हे काम मुख्य बॅटरीच करते.) सेल क्षीण झाला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, परंतु परिणाम भलतीकडेच दिसतो. माहिती भरावयाचे संकेतस्थळच उघडत नाही! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रास मुदत असते. यंत्राच्या मते अद्याप २०१५ साल चालू असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्यास अग्राह्य वाटते. शिक्षक इंटरनेटला बोल लावीत बसतो आणि इकडे माहितीची मुदत टळते. तेव्हा प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती दुरुस्त करूनही रोज मागे जात असेल, तर सेल बदलून घ्यावा.

मात्र घड्याळ नेमके साडेपाच तासच चुकत असेल, तर सेल निर्दोष समजावा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तितकीच पुढे आहे. कालविभाग चुकीचा निवडला असेल, किंवा एकाच यंत्रात विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली असतील, तर असे घडते. आतील घड्याळ पहिली स्थानिक वेळेचे मानते, दुसरी बहुधा जागतिक वेळेचे.

पडदा काळा राहिला, पण पंख्याचा आवाज येत असेल, तर विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावा. अक्षरे पुसट दिसल्यास केवळ मागील प्रकाशयोजना बिघडली आहे. शाळेत प्रोजेक्टर वा टी. व्ही. असल्यास तो एच. डी. एम. आय. तारेने जोडावा, तेथे चित्र उमटले, तर मुलांच्या नोंदी सुरक्षित आहेत असे समजून त्यांची प्रत तत्काळ काढून घ्यावी. झाकण हलविताच चित्र थरथरते, तेव्हा दोष बहुधा बिजागरीजवळील तारेत असतो.

एका बाबतीत मात्र घरगुती उपाय मुळीच करू नये. यंत्राचे तळपृष्ठ फुगले, बोट फिरविण्याची पट्टी वर उचलली गेली वा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू अगर टोचू नये. तिला आग लागू शकते. यंत्र ताबडतोब बंद करून, चार्जर काढून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे आणि त्याच दिवशी केंद्रप्रमुखांस कळवावे.