भयाचे विलोपन आणि मेंदूची घडणक्षमता

‘भीती मनातून काढून टाक’ असा उपदेश आपल्याकडे सर्रास केला जातो. मेंदूविज्ञानाच्या कसोटीवर तो टिकत नाही. कारण एकदा जडलेले भय मेंदूतून सहसा पुसले जात नाही.

घंटेपाठोपाठ विजेचा धक्का असे काही वेळा घडले की उंदीर पुढे नुसत्या घंटेनेही थिजतो. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा पेशीसमूह आहे. तेथील पेशींच्या जोडण्या या अनुभवाने बळकट होतात. मेंदूच्या घडणक्षमतेमुळेच भय इतक्या लवकर जडते. पुढे धक्क्यावाचून घंटा वारंवार वाजविल्यास थिजणे थांबते. यास मानसशास्त्रात विलोपन म्हणतात. परंतु हा शब्द फसवा आहे. बाउटन आणि बोल्स यांनी १९७९ साली दाखविले की, एका पिंजऱ्यात भय शमलेल्या उंदरास ते मुळात जेथे जडले त्या पिंजऱ्यात परत नेल्यास भयही परतते. म्हणजे जुनी शिकवण नष्ट होत नाही. तिच्यावर ‘येथे धोका नाही’ अशी नवी शिकवण चढते, आणि त्यातील ‘येथे’ हा शब्दच महत्त्वाचा होय. कपाळामागील मेंदूचा भाग या नव्या शिकवणीच्या बळावर अमिग्डालास आवर घालतो.

म्हणून वसतिगृहात निर्भीडपणे बोलणारा आपला विद्यार्थी मुलाखतीच्या दालनात शिरताच मूक होतो, तेव्हा त्यास भित्रा ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. शाळेत ज्या प्रकारच्या खोलीत, ज्या स्वरात त्याचा अपमान झाला, त्या खोलीशी व त्या स्वराशी त्याचे भय बांधलेले असते. नवी शिकवणही तशाच ठिकाणी, पायरीपायरीने मिळावी लागते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशास घाबरणाऱ्या बालकाच्या बाबतीत हेच केले : मूल आवडीचे खात असता ससा थोडाथोडा जवळ आणला गेला.

मज्झिमनिकायातील भयभेरवसुत्ताचे येथे स्मरण होते. त्यात प्रयोगशाळा शोधण्याचा मोह आम्हांस नाही. बोधिप्राप्तीपूर्वीचा स्वतःचा अनुभव भगवान बुद्ध जाणुस्सोणि ब्राह्मणास सांगतात. पक्षाच्या चौदाव्या, पंधराव्या व आठव्या रात्री ते मुद्दाम भयप्रद वनचैत्यांत राहत. हरीण येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी, आणि भय उभे राही. चंक्रमण करताना भय आले तर ते शमेपर्यंत चंक्रमणच चाले. बसले असता आले तर ते बसूनच राहत.