सूचीतले ठिपके

नांदेड आणि लातूर यांचा मासिक पाऊस एकाच आलेखावर दाखवायचा आहे, असे समजा. नांदेडसाठी वर्तुळ घेऊ, लातूरसाठी त्रिकोण. कोणते चिन्ह कोणाचे, हे नकाशाप्रमाणेच कोपऱ्यातील सूचीत सांगावे लागते.

‘मॅटप्लॉटलिब’ ही असे आलेख काढणारी मुक्तस्रोत आज्ञावली. जॉन हंटर यांनी २००३ मध्ये ती प्रथम उपलब्ध केली. तिच्या सूचीत पूर्वी रेषेच्या नमुन्यावर दोन चिन्हे उमटत. रेषेविना नुसते बिंदू असतील, तर तीन; तीही खालीवर! सरावलेला वाचक तिकडे दुर्लक्ष करी. पण एखादा विद्यार्थी विचारील, “सर, लातूरला तीनच महिने पाऊस पडला का?”

त्याची शंका रास्त आहे. सूचीतले चिन्ह ओळख सांगते, मोजमाप नव्हे. आणि ओळखीला एक चिन्ह पुरते. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून सूचीत आपोआप एकच चिन्ह येते. त्याआधी ही संख्या स्वतः बदलावी लागे.

वर्गात एक प्रयोग करा. लाल-निळ्या रेषांच्या आलेखाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. दोन्ही रेषा करड्या दिसतील. वर्तुळ आणि त्रिकोण मात्र ओळखू येतील. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावाच्या मुलांना पावसाचा आलेख अचूक वाचता आलाच पाहिजे.